काट्यावरचे किलोमीटर आणि उद्याची किंमत

जिंतूरला रेल्वे नाही. परभणीला जायचं तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, सेलूचं स्टेशन गाठायचं तरी रस्ताच. बोरी, बामणी, चारठाणा, येलदरी ही आसपासची गावंही रस्त्यानंच जिंतूरशी जोडलेली. माणसं आणि माल एसटीनं, काळ्या-पिवळ्या जीपनं, ट्रॅक्टरनं, मोटारसायकलनं ये-जा करतात. अशा गावात जुनी गाडी पारखणं हे घरोघरी लागणारं ज्ञान असतं. बैल घेताना जाणता माणूस आधी दात बघतो, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, तसा गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, “किती पळाली?” ट्रॅक्टर असेल तर, “किती तास झाले?”

वापरायची गाडी घेणाऱ्याला हा प्रश्न पुरतो. पण काही गाड्या पुढे वापराच्या राहत नाहीत, संग्रहाच्या होतात. त्यांची किंमत उतरायची थांबते आणि चढू लागते. अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणतात, म्हणजे मध्यम आकाराच्या बॉडीत मोठं, ताकदवान इंजिन बसवलेल्या गाड्या, त्यांच्याबाबत हे ठळकपणे घडलं. आपल्याकडे राजदूत ३५०, यामाहा आरएक्स १००, कॉन्टेसा आणि जुन्या जीपच्या बाबतीत तेच घडतं आहे. अशा गाडीच्या उद्याच्या किमतीत आजच्या रनिंगचा वाटा किती, हे या प्रकरणात पाहू.

काटा काय मोजतो

गाडीचा काटा एकच गोष्ट मोजतो: चाक किती फिरलं. इंजिन किती चाललं, हे त्याला कळत नाही. परभणी रस्त्यावर ताशी ५० च्या सरासरीनं ५०,००० किलोमीटर झालेल्या गाडीचं इंजिन १,००० तास चाललेलं असतं. तेवढेच किलोमीटर शहराच्या गर्दीत ताशी २० च्या सरासरीनं झाले असतील, तर तेच इंजिन २,५०० तास चाललेलं असतं. काट्यावर आकडा एकच, झीज मात्र वेगळी. ट्रॅक्टर शेतात एका जागी थ्रेशर चालवतो, पाणी उपसतो, तेव्हा चाक फिरतच नाही. म्हणून त्याच्यावर तासांचा मीटर असतो, आणि तो पाहून व्यवहार करणारा शेतकरी शोरूममधल्या गिऱ्हाइकापेक्षा इंजिनाच्या खऱ्या वयाच्या जवळ असतो.

इंजिनाची बरीच झीज थंड सुरुवातीला होते. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं. ते वर पोहोचेपर्यंत पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींवर घासतात. रोज दोन किलोमीटरवर बाजारात जाऊन बंद होणाऱ्या गाडीचं रनिंग कमी दिसतं, पण प्रत्येक किलोमीटर महाग पडलेला असतो.

जुन्या यंत्री काट्याची आणखी एक मर्यादा आहे. त्याला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. जिंतूरहून परभणीला रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाचे दिवसाला ८५ किलोमीटर धरले आणि वर्षाला २२० दिवस धरले, तर साडेपाच वर्षांच्या आतच काटा एक फेरी पूर्ण करतो. पुढच्या गिऱ्हाइकाला दिसणारे १२,००० खरे १२,००० आहेत की १,१२,०००, हे काटा सांगू शकत नाही. मोटारसायकलवर तर काट्याची केबल पुढच्या चाकातून येते. ती तुटली की काटा थांबतो, गाडी चालतच राहते. खेड्यापाड्यात अशा तुटक्या केबलनं वर्षानुवर्षं चाललेल्या गाड्या भरपूर आहेत. कुणी मीटर मुद्दाम मागे फिरवला नसला, तरी आकडा खोटाच ठरतो.

कायदा वर्षं मोजतो

बाजार किलोमीटर विचारतो, पण सरकारी आणि विम्याच्या हिशेबात गाडीचं वय चालतं. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवताना घसाऱ्याचा ठरलेला तक्ता वापरतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. त्यात रनिंगचा रकाना नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेही रनिंग न विचारता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा शेवटही वयानंच केला. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची मुदत संपली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीची, कुर्ल्यात तयार झालेली ती गाडी किती पळाली होती, याचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता.

संग्रहाच्या गाडीसाठी सर्वांत महत्त्वाचा नियम २०२१ साली आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची वेगळी नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली, अशी अट आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. या नियमानं पाहिलं तर १९८५ ची पहिली आरएक्स १०० ही २०३५ साली पात्र होईल आणि १९८४ ची कॉन्टेसा २०३४ साली. कायदा तेव्हा दोनच गोष्टी बघेल: वय आणि मूळपण. किलोमीटरचा उल्लेख त्यात नाही.

अलीकडे मात्र किलोमीटर कायद्याच्या नजरेत येऊ लागले आहेत. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचना निघाली. विक्रीसाठी ताब्यात असलेल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद, कोणी चालवली, कशासाठी आणि किती अंतर, ही इलेक्ट्रॉनिक वहीत ठेवणं त्यांना बंधनकारक झालं. त्याच वर्षी विमा नियामकानं अंतरानुसार हप्ता आकारण्यालाही परवानगी दिली. आजच्या नव्या गाडीचे किलोमीटर उद्या कागदावर सिद्ध करता येतील, ही सोय राजदूतच्या मालकाला कधी नव्हती.

किमतीचे तीन टप्पे

गाडीच्या किमतीच्या आयुष्यात तीन टप्पे येतात आणि रनिंगचं वजन प्रत्येकात वेगळं असतं.

पहिला टप्पा उताराचा. गाडी नवी असते, तशा गाड्या बाजारात पुष्कळ असतात आणि गिऱ्हाइकाला ती चालवायची असते. इथे रनिंग फार बोलतं, कारण उरलेलं आयुष्य मोजण्याचं तेच सोपं माप आहे.

दुसरा टप्पा तळाचा. गाडी जुनी, सुटे भाग महाग, नवं मॉडेल आलेलं. आता ती कुणालाच नको असते. ४०,००० पळालेली असो की १,४०,०००, भाव जवळपास भंगाराचा. बहुतेक गाड्या याच टप्प्यात संपतात. तोडल्या जातात, शेडमागे गंजतात, त्यांचं इंजिन दुसऱ्याच कशाला तरी जोडलं जातं.

तिसरा टप्पा चढाचा. तिथवर थोड्याच गाड्या पोहोचतात. लहानपणी जिची हाव धरली होती ती गाडी घेण्याइतके पैसे एका पिढीच्या हाती येतात, आणि उरलेल्या गाड्यांची संख्या आता मोजण्याइतकी राहिलेली असते. इथे किलोमीटर उरलेल्या आयुष्याचं माप राहत नाही, कारण घेणारा ती रोज चालवणारच नसतो. तिथे कमी रनिंगचा अर्थ एवढाच की गाडीला फार हात लागलेले नाहीत. रंग कंपनीचा असेल, इंजिन उघडलेलं नसेल, सीटचं कापड पहिलंच असेल, अशी शक्यता वाढते. संग्राहक किलोमीटरला पैसे देतो ते या शक्यतेसाठी.

सगळ्यांनीच जपल्या तर

यापुढची गोष्ट अमेरिकेकडून शिकण्यासारखी आहे. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या मसल कार तरुणांनी घेतल्या आणि पिदडल्या. शर्यती लावल्या, टायर जाळले, इंजिनं फोडली, हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालवल्या. त्या कुणी जपल्या नाहीत, म्हणूनच आज मूळ इंजिनासह उरलेल्या गाड्या दुर्मिळ आहेत. १९७१ च्या हेमी इंजिनाच्या उघड्या टपाच्या प्लिमथ कुडा अवघ्या अकराच्या आसपास तयार झाल्या; त्यातली एक २०१४ साली ३५ लाख डॉलरला विकली गेली.

आता उलट उदाहरण. १९७८ साली शेवर्लेनं कॉर्व्हेटची शर्यतीच्या ‘पेस कार’सारखी दिसणारी खास आवृत्ती काढली. ६,५०२ गाड्या, छापील किंमत १३,६५३ डॉलर. लोकांनी ती गुंतवणूक म्हणून घेतली, त्यासाठी जादा पैसे मोजले आणि न चालवता झाकून ठेवली. इतक्या जणांनी हेच केलं की दोन आकडी किलोमीटरच्या, सीटवर प्लास्टिक असलेल्या कॉर्व्हेट आजही निघत राहतात, आणि महागाई धरली तर बहुतेकांना मूळ किंमतही सुटलेली नाही. १९७६ मध्ये कॅडिलॅकनं ‘शेवटची उघड्या टपाची अमेरिकन गाडी’ म्हणून एल्डोराडो विकली. त्या वर्षी १४,००० निघाल्या, लोकांनी साठवल्या, आणि १९८४ मध्ये कंपनीनं उघड्या टपाची एल्डोराडो पुन्हा बाजारात आणली.

जपूनही फायदा झालेली गाडी आहेच: १९८७ ची ब्यूक जीएनएक्स. पण अशा गाड्या ५४७ च निघाल्या होत्या आणि आपल्या काळातल्या सर्वांत वेगवान अमेरिकन गाड्यांत तिची गणना होती. कमी किलोमीटरच्या जीएनएक्सना आज एक लाख डॉलरच्या वर भाव मिळतो. नवी असताना ती तीस हजारांच्या आत होती.

या उदाहरणांतून सूत्र निघतं. रनिंगला स्वतःची किंमत नसते. किंमत असते दुर्मिळपणाला. गाडी दुर्मिळ असेल तर कमी रनिंग तिचा भाव कित्येक पटींनी वाढवतं. गाडी पुष्कळ असेल आणि सगळ्यांनी जपली असेल, तर कमी रनिंगही पुष्कळांकडे असतं.

आजच्या मसल कारला हे थेट लागू पडतं. डॉजच्या चॅलेंजर आणि चार्जर यांचं जुन्या धर्तीचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं, शेवर्ले कॅमारोही त्याच महिन्यात बंद झाली. आता अशी इंजिनं येणार नाहीत, या समजुतीनं लोकांनी शेवटच्या गाड्या गॅरेजमध्ये लावून ठेवल्या. ८४० अश्वशक्तीच्या २०१८ च्या चॅलेंजर डेमन ३,३०० निघाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच न चालवता ठेवल्या आहेत. चाळीस वर्षांनी कमी किलोमीटरची डेमन शोधणं अवघड जाणार नाही. भारतातली फोर्ड मस्टँग जीटी मात्र वेगळ्या वाटेची आहे. २०१६ साली सुमारे ६५ लाखांना, ५ लिटरच्या व्ही-८ इंजिनासह ती इथे आली; पुढे फोर्डनं भारतातलं उत्पादनच बंद करायचं ठरवलं. इथे विकलेल्या मस्टँग मुळात थोड्या आहेत. त्यांतल्या ज्या अपघाताशिवाय, बदलाशिवाय, पूर्ण कागदांसह राहतील त्यांना पुढे मागणी राहील, रनिंग ५,००० असो की ४०,०००.

आपल्या गाड्या

भारताची मसल कार म्हणून कॉन्टेसाचं नाव घेतात. व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीवरून हिंदुस्तान मोटर्सनं ती १९८४ पासून बनवली. आधी तिच्यात ॲम्बेसेडरचं जेमतेम ५० अश्वशक्तीचं इंजिन होतं, नंतर इसुझूचं १.८ लिटरचं आलं, आणि २००२ मध्ये ती बंद झाली. कॉन्टेसा अधिकाऱ्यांनी, पुढाऱ्यांनी, लग्नाच्या वरातींनी मनसोक्त वापरली. कमी रनिंगची कॉन्टेसा शोधण्यात अर्थ नाही. न सडलेली बॉडी आणि मूळ इंजिन सापडणं हेच मोठं.

जिंतूरच्या मिस्त्रीच्या हातून मात्र जास्त गेल्या त्या दुचाकी. एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये आणलेली राजदूत ३५० तेव्हा साधारण १८,००० रुपयांची, आणि पेट्रोल पिते म्हणून लोकांनी सोडून दिलेली. १९८५ ते १९९६ ची आरएक्स १००, फक्त ९८ सीसी आणि ११ अश्वशक्ती, पण हलक्या अंगामुळे चपळ. आज दोन्हींना नव्या मोटारसायकलपेक्षा जास्त पैसे मोजणारे आहेत.

इथे काट्यापेक्षा विश्वासू एक मीटर आहे आणि तो मिस्त्रीला वाचता येतो. टू-स्ट्रोक इंजिनाचा सिलिंडर झिजला की बोअर करून किंचित मोठा पिस्टन बसवतात, ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यानं. आरएक्सचा मूळ बोअर ५० मिलिमीटर. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनच्या डोक्यावर २५, ५०, ७५ असा आकडा कोरलेला दिसला की इंजिनाला कितीदा काम लागलं ते कळतं. मूळ सिलिंडर स्टँडर्ड बोअरचा असेल तर आरएक्स बहुधा कमी चाललेली, काटा काहीही सांगो. काटा मागे फिरवता येतो, पण एकदा कापलेलं लोखंड परत भरता येत नाही.

जीपचं गणित वेगळं आहे. महिंद्राची जीप मराठवाड्यात बारा-पंधरा माणसं घेऊन धावली आणि तिची बॉडी, चासीचे जोड, इंजिन, सगळं बदलत गेलं. मूळ अवस्थेतली जीप मिळणं हेच नवल, आणि तिच्या भावात काट्याचा वाटा जवळजवळ शून्य.

उभी गाडी

कमी रनिंगच्या मोहात लोक गाडी उभी करून ठेवतात, आणि इथेच खरं नुकसान होतं. उभ्या गाडीत पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये डिंकासारखा थर जमतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे; ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या गाडीतलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ब्रेक ऑइलही ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. ऑइल सील कडक होतात, टायर एका बाजूनं बसतात, बॅटरी जाते. परभणीच्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे सगळं वेगानं घडतं, आणि कापूस-सोयाबीनच्या गोदामाशेजारी उंदीर वायरिंग कुरतडतात.

एक गोष्ट मात्र जिंतूरच्या बाजूनं आहे. समुद्राची खारी हवा इथे नाही. मुंबई-कोकणातल्या गाडीचा पत्रा आतून खाल्ला जातो, तसा इथला जात नाही. बॉडी बनवणं इंजिन बनवण्यापेक्षा कठीण असल्यानं संग्राहक कोरड्या मुलखातली गाडी पसंत करतात. छपराखाली ठेवलेली मराठवाड्याची जुनी गाडी ही खरंच मोलाची वस्तू आहे.

गाडीची गोष्ट

किलोमीटर जास्त असूनही मोल वाढल्याची उदाहरणं आहेत. न्यूयॉर्कजवळ विज्ञान शिकवणारे अर्व गॉर्डन यांनी १९६६ मध्ये व्होल्व्हो पी-१८०० घेतली, रोज सुमारे २०० किलोमीटर शाळेला ये-जा केली आणि २०१३ मध्ये ३० लाख मैल पूर्ण केले. एकाच मालकानं इतकी चालवलेली दुसरी खासगी गाडी जगात नोंदलेली नाही, आणि तिचा मान त्या आकड्यातच आहे. शर्यतीत राबलेली फेरारी २५० जीटीओ २०१८ साली ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. आपल्या भागाशी जोडलेलं उदाहरणही आहे. जिंतूर निजामाच्या राज्यात असताना, १९३२ साली तिथल्या रेल्वेनं २७ बसगाड्यांनी रस्ता वाहतूक सुरू केली. त्या काळची एक अल्बियन बस हैदराबादेत जतन केली आहे, आणि तिला बघणारा कुणी रनिंग विचारत नाही.

अशा गाड्यांत आकड्याला पुरावा आणि पुराव्याला गोष्ट जोडलेली आहे. म्हणून ज्यांच्या घरी जुनी आरएक्स, राजदूत, चेतक किंवा जीप आहे त्यांनी काही कामं आजच करावीत. आरसी बुक, पहिली पावती, जुने विम्याचे कागद आणि सर्व्हिसची बिलं एका जागी ठेवावीत. बिलावर किलोमीटर लिहून घ्यावेत. नोंदणीची मुदत संपली असेल तर नूतनीकरण करावं, कारण कागद नसलेल्या गाडीला भाव नसतो. कंपनीचा रंग फिका पडला तरी पुन्हा रंगवू नये. बदललेला मूळ भाग भंगारात न देता पिशवीत जपावा. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेल इतकी, येलदरीपर्यंत जाऊन यावं एवढी, गाडी चालवावी. त्यानं वर्षाला हजारभर किलोमीटर वाढतील. पुढे ही गाडी पारखणारा त्या हजारासाठी भाव पाडणार नाही. चालू, मूळ आणि कागदानं सिद्ध असलेली गाडी समोर आहे, म्हणून तो जास्तच देईल.